लहान मेंदूची कैफियत

डोक्याचा एमआरआय काढलेल्या रुग्णाच्या हाती जो लांबरुंद लखोटा ठेवला जातो, त्यातल्या अहवालात मोठ्या मेंदूच्या खंडांची, त्याच्या पोटातील पोकळ्यांची आणि रक्तवाहिन्यांची हकीकत तपशीलाने लिहिलेली असते. परंतु कवटीच्या मागील बाजूस, मानेच्या लगत वर वसलेल्या लहान मेंदूच्या वाट्यास बहुधा एकच ओळ येते, आणि तीही ‘निर्दोष’ किंवा ‘वयोमानानुसार किंचित आकसलेला’ एवढ्या शब्दांत आटोपलेली असते. अहवाल लिहिणाऱ्या तज्ज्ञास याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. तपासणी लिहून देणाऱ्याने जे विचारलेच नाही, ते त्याने सांगावे तरी का? विचारले का गेले नाही, हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणा एका इस्पितळाच्या कारभारात नसून मेंदूविज्ञानाच्या गेल्या दोनशे वर्षांच्या वाटचालीत आहे.

शाळेच्या पुस्तकांतून ‘अनुमस्तिष्क’ या भारदस्त नावाने आपण या अवयवाची जी ओळख करून घेतली, ती एका वाक्याची होती : शरीराचा तोल सांभाळणे व हालचालींत सुसूत्रता आणणे हे त्याचे कार्य. या वाक्यात असत्य काही नाही. परंतु ज्या अवयवाचे वजन संपूर्ण मेंदूच्या जेमतेम एक दशांश भरते, त्यात किती चेतापेशी दाटलेल्या आहेत हे ब्राझीलमधील सुझाना हर्कुलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून २००९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्या वाक्याचे अपुरेपण उघडे पडले. मानवी मेंदूत एकंदर सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, आणि त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत, असा तो हिशोब आहे. विचार, स्मृती आणि भाषा यांचे पीठ म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या मोठ्या मेंदूच्या बाह्यकाच्या खात्यावर अवघ्या १६ अब्ज जमा आहेत. लहान मेंदूतील बहुसंख्य पेशी अत्यंत बारीक असल्यामुळे केवळ शिरगणतीवरून त्याचे मोठेपण ठरवू नये, असा आक्षेप यावर घेतला जाईल, आणि तो रास्तही आहे. परंतु २०२० मध्ये मार्टिन सेरेनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर जतन केलेल्या एका मानवी लहान मेंदूचे ९.४ टेस्ला शक्तीच्या चुंबकात चित्रण केले आणि कागदाच्या जाडीच्या वाटाव्यात अशा त्याच्या असंख्य वळ्या संगणकावर एकेक करून उलगडल्या, तेव्हा त्याचे पृष्ठफळ मोठ्या मेंदूच्या बाह्यकाच्या सुमारे ७८ टक्के भरले. मॅकाक जातीच्या माकडात हेच प्रमाण सुमारे ३३ टक्के आहे. माकडापासून माणसापर्यंतच्या प्रवासात मोठा मेंदू वाढला हे तर सर्वविश्रुतच. पण त्याच्या मागे, अंधारात, लहान मेंदूचा विस्तार त्याहूनही अधिक वेगाने झाला. झाडावर तोल सांभाळण्याची अधिक गरज माकडाला असताना ही वाढ माणसात का व्हावी, हा प्रश्न शाळकरी वाक्याच्या कुवतीबाहेरचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, लहान मेंदूविषयीचे आपले अज्ञान हे यंत्रांच्या उणिवेमुळे जितके टिकले, त्याहून अधिक ते त्याला चौकटीबाहेर ठेवण्याच्या आपल्या सवयीमुळे टिकले. आणि ती सवय प्रयोगशाळांतून मोडू लागली असली तरी आपल्या इस्पितळांतून अद्याप मोडलेली नाही.

ही सवय लावणारे लोक सामान्य नव्हते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ फ्लूरां यांनी १८२४ मध्ये कबुतरांचा लहान मेंदू थोडाथोडा काढून दाखवून दिले की, पक्षी पाहतो, ऐकतो, उडण्याची इच्छाही करतो, पण त्याच्या हालचालींचा मेळ बसत नाही. आणि त्या दिवसापासून या अवयवास हालचालींच्या समन्वयाचे खाते नेमून दिले गेले ते कायमचेच. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश चेतातज्ज्ञाने, गोळी लागून लहान मेंदू जायबंदी झालेल्या सैनिकांची तपासणी फ्रान्समधील लष्करी इस्पितळांत केली आणि १९१७ मध्ये तिचा जो वृत्तांत छापला, तो इतका काटेकोर होता की आजही वैद्यकाचे विद्यार्थी बोट नाकाला लावून पाहण्याची, तळहात भराभर उलटासुलटा करून पाहण्याची परीक्षा त्याच धर्तीवर शिकतात. गंमत अशी की, होम्सच्याच एका रुग्णाने सांगितले होते की, त्याच्या धडधाकट बाजूचा हात आपोआप चालतो, पण दुखापत झालेल्या बाजूच्या हाताची प्रत्येक हालचाल त्याला विचार करून करावी लागते. अवघड कामे विनासायास, विचाराला तोशीस न लावता व्हावीत यासाठी हा अवयव राबतो, असा केवढा मोठा दुवा त्या साक्षीत होता! ज्याच्या अभावी हाताची हालचाल अशी अडखळते, त्याच्या अभावी वाक्य, हिशोब, विनोद यांचीही तीच गत होत असेल काय, हे मात्र कोणी विचारले नाही; साक्ष दप्तरी दाखल झाली आणि खटला निकालात निघाला.

१९७१ हे साल या कथेत दोन कारणांसाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयातील चेतातज्ज्ञ नोशिर वाडिया यांनी आपले सहकारी स्वामी यांच्यासह ‘ब्रेन’ या ख्यातनाम ब्रिटिश नियतकालिकात नऊ कुटुंबांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या एका विकाराने चाल झोकांड्या खात असे, वाचा जड होत असे. पण वाडियांच्या नजरेने टिपले ते वेगळेच : या रुग्णांना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पाहण्यास सांगितले असता, निरोगी माणसाचे डोळे जसे झटकन उडी घेतात तसे त्यांचे घेत नसत, तर संथपणे सरकत जात. एवढ्या एका लक्षणावरून त्यांनी या विकारास इतरांपासून निराळे काढले. पुढे १९९६ मध्ये ज्या जनुकदोषाचा शोध लागला, त्याचे सांकेतिक नाव ‘एससीए-२’. आणि संथ डोळ्यांच्या त्या लक्षणाचे या दोषाशी असलेले नाते सहा भारतीय कुटुंबांच्या अभ्यासातून वाडियांनी १९९८ मध्ये स्वतःच प्रस्थापित केले. सत्तावीस वर्षांपूर्वी डोळ्यांनी केलेल्या निदानावर रेणूंनी सही करावी, असा योग वैद्यकात फार थोड्यांच्या नशिबी येतो.

त्याच १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रात पहिल्या रुग्णाचे डोके ठेवले गेले, आणि कवटी न उघडता मेंदू पाहण्याचे युग अवतरले. लहान मेंदूला मात्र या युगाचा पहिला प्रकाश फारसा लाभला नाही. कवटीच्या तळाशी कानांमागील हाडाचा जो अश्मवत् कठीण भाग दोन्ही बाजूंना असतो, तो क्ष-किरणांना इतका अडवतो की, त्या दोहोंमधील प्रदेशावर काळसर आडवे पट्टे उमटून चित्र नासते. आणि लहान मेंदू नेमका त्याच प्रदेशात राहतो. चुंबकीय अनुनादावर चालणाऱ्या एमआरआयला हाडाची ही अडचण नाही. ऐंशीच्या दशकात ती यंत्रे इस्पितळांत दाखल झाली, तेव्हा लहान मेंदूच्या पर्णवत् वळ्या जिवंत माणसात प्रथमच स्वच्छ दिसू लागल्या.

परंतु दिसणे निराळे आणि काम करताना दिसणे निराळे. लहान मेंदूच्या कथेला कलाटणी देणारा प्रयोग अमेरिकेतील सेंट लुईस येथे झाला, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की, तो करणारे लोक लहान मेंदूच्या शोधात नव्हतेच. पीटरसन, फॉक्स, पोस्नर, मिंटन व रेकल या पाच जणांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात माणसांना पेट यंत्रात निजवून, रक्तात सोडलेल्या अल्पायुषी किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने मेंदूच्या कोणत्या भागात रक्तप्रवाह वाढतो ते पाहिले होते. पहिल्या पायरीस माणसाने समोर दिसलेला शब्द नुसता मोठ्याने उच्चारायचा. दुसऱ्या पायरीस त्या नामाशी जुळणारे क्रियापद स्वतः शोधून उच्चारायचे. मराठीत कल्पना करायची तर, पडद्यावर ‘हातोडा’ दिसला की पहिल्या खेपेस ‘हातोडा’ म्हणायचे, दुसऱ्या खेपेस ‘ठोकणे’. ‘विळी’ दिसली की पहिल्यांदा ‘विळी’, नंतर ‘चिरणे’. दोन्ही खेपांत जीभ, ओठ व श्वास यांचे श्रम सारखेच; तेव्हा दुसऱ्या चित्रातून पहिले वजा केले की बोलण्याचा स्नायविक भाग निघून जावा आणि केवळ शब्द शोधण्याचा बौद्धिक व्यापार शिल्लक राहावा, अशी ही चतुर वजाबाकी होती. शिल्लक राहिलेल्या चित्रात मोठ्या मेंदूचा डावा, भाषाकुशल भाग उजळला यात नवल नव्हते. नवल हे की, लहान मेंदूची उजवी बाजूही उजळून निघाली, आणि तीही हालचालींचा भाग सोडून बाहेरच्या अंगाला. लहान मेंदूची उजवी बाजू मोठ्या मेंदूच्या डाव्या बाजूशी व्यवहार करते, हे शरीररचनेतून ठाऊकच होते. म्हणजे हा दिवा चुकून लागलेला नव्हता.

त्याच गटाने पुढे दाखवले की, तीच ती नामे पुन:पुन्हा देऊन क्रियापदे तोंडपाठ झाली की लहान मेंदूतील ही हालचाल मावळते, आणि नवी यादी हाती दिली की पुन्हा उजळते. १९९२ मध्ये ज्याच्या लहान मेंदूची उजवी बाजू रक्तपुरवठा तुटून निकामी झाली होती, अशा एका बुद्धिमान गृहस्थाला हेच काम दिले गेले. गृहस्थाची बुद्धिमापनाची गुणसंख्या उत्तम होती. पण क्रियापदे शोधताना तो वारंवार चुकला, चूक त्याच्या ध्यानी आली नाही, आणि सरावाने सुधारणा व्हायला हवी ती झाली नाही. होम्सच्या सैनिकाचा हात आणि या गृहस्थाचे क्रियापद यांत मला तरी तत्त्वतः अंतर दिसत नाही. हेन्रिएटा व ॲलन लायनर या दांपत्याने, लहान मेंदूच्या शरीरक्रियेवर आयुष्य वेचलेल्या रॉबर्ट डाउ यांच्यासह, लहान मेंदू बौद्धिक कौशल्यांतही भागीदार असावा असे १९८६ मध्येच सुचवले होते. तेव्हा ते धाडस वाटले होते.

धाडसाचे शास्त्र व्हायला इस्पितळातील माणूसच लागला. बॉस्टनच्या जेरेमी श्माहमान व जॅनेट शर्मन यांनी १९९८ मध्ये केवळ लहान मेंदूचा आजार असलेल्या वीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामांचे नियोजन ढासळणे, एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगा म्हटले तर ती न सुचणे, घनाची आकृती काढता न येणे, बोलण्यातील चढउतार सपाट होणे, व्याकरण ढिले पडणे, आणि भावनांच्या बाबतीत एकतर कोरडेपणा, नाहीतर पोरकट व अप्रासंगिक वागणे, अशी लक्षणे त्यांना या रुग्णांत एकत्र आढळली. घरच्या माणसांनी ‘आजारानंतर हा पूर्वीचा राहिला नाही’ म्हणावे आणि डॉक्टरांनी ‘तुमचा आजार तोल जाण्याचा आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही’ असे उत्तर द्यावे, या प्रकारास या अभ्यासाने आळा बसायला हवा होता. पुरता बसला असे म्हणवत नाही.

कारण त्याच काळात मेंदूच्या कार्यात्मक एमआरआयची जगभर जी लाट उसळली, तिने लहान मेंदूस पुन्हा बेदखल केले. या तंत्रात डोक्याचे आडवे काप एकापाठोपाठ एक टिपले जातात. काप जितके अधिक, तितका वेळ अधिक. वेळ वाचवण्यासाठी संशोधक मोठ्या मेंदूच्या वरच्या कडेपासून मोजणी सुरू करत आणि खालचा भाग चौकटीत मावला नाही तर तसाच सोडून देत. अशा रीतीने स्मृती, अवधान, भाषा, निर्णय यांवरील कित्येक निबंधांच्या चित्रांत लहान मेंदूचा खालचा भाग कापला गेलेला आहे. आणि मग त्या निबंधांचे संकलन करून ‘लहान मेंदूत काही आढळले नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे ज्या गावाला जनगणनेचा कारकून गेलाच नाही, ते गाव ओसाड असल्याचा दाखला देण्यासारखे आहे. न्यायाने बोलायचे तर काही अडचणी खऱ्याही होत्या. लहान मेंदूची एकेक वळी मिलिमीटरभर जाडीची, आणि यंत्राचे एकेक चौकोनी माप दोनतीन मिलिमीटरचे. शिवाय शेजारच्या मेंदूदंडाजवळ नाडीचा ठोका व श्वासाची लय यांमुळे चित्र डळमळते. आणि निरनिराळ्या माणसांचे मेंदू एकमेकांवर बसवण्याची जी गणिते होती ती मोठ्या मेंदूच्या मापाने बेतलेली. यॉर्न डीड्रिकसेन यांनी २००६ मध्ये लहान मेंदूसाठी स्वतंत्र नकाशा व साचा तयार केला, तेव्हा या शेवटच्या अडचणीचे निरसन झाले. मग २०११ मध्ये रँडी बकनर यांच्या गटाने एक हजार निरोगी माणसांच्या विश्रांत अवस्थेतील चित्रणावरून दाखवले की, लहान मेंदूचा मोठा हिस्सा स्नायूंच्या केंद्रांशी नव्हे, तर विचार व आत्मचिंतन यांच्याशी निगडित असलेल्या मोठ्या मेंदूच्या प्रदेशांशी लय जुळवून असतो. २०१९ मध्ये केवळ २४ माणसांना सव्वीस निरनिराळी कामे देऊन, म्हणजे बोटे हलवण्यापासून गणिते सोडवण्यापर्यंत, दुसऱ्याच्या मनातील समजूत ओळखण्यापासून निसर्गपट पाहण्यापर्यंत, डीड्रिकसेन, आयव्हरी व सहकाऱ्यांनी जो नकाशा काढला, त्यात असे आढळले की, शरीररचनाशास्त्राने शतकानुशतके मानलेल्या लहान मेंदूच्या खंडांच्या सरहद्दी आणि कार्याच्या सरहद्दी एकमेकींशी जुळतच नाहीत.

आता या रंगीत नकाशांवर भाळणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना देणे मला अगत्याचे वाटते. विशेषतः वर्तमानपत्रांना, कारण ‘मेंदूतील प्रेमाचे केंद्र सापडले’ छापाचे मथळे देण्यात आपण कोणी मागे नाही. कार्यात्मक एमआरआय पेशींचा व्यापार पाहत नाही. तो रक्तातील प्राणवायूचा चढउतार पाहतो आणि त्यावरून व्यापाराचे अनुमान करतो. मोठ्या मेंदूत हे अनुमान बऱ्यापैकी चालते. लहान मेंदूत ते एका विशिष्ट दिशेने लंगडे आहे. बाहेरून येणारे संदेश असंख्य बारीक पेशींवर उतरतात, तेथून ते पर्किंजे पेशींकडे जातात, आणि बाह्यकातून बाहेर पडणारा एकमेव संदेश या पर्किंजे पेशींचा असतो. आणि तोही मासाओ इतो यांनी साठीच्या दशकात सिद्ध केल्याप्रमाणे निरोधक, म्हणजे पुढच्या पेशीला थोपवणारा. एकेका पर्किंजे पेशीच्या पंख्यासारख्या फांद्यांवर लाखाच्या घरात तंतू येऊन टेकतात. प्राण्यांवरील प्रयोगांवरून दिसते ते असे की, रक्तप्रवाह वाढतो तो मुख्यतः येणाऱ्या संदेशांच्या गर्दीमुळे, जाणाऱ्या संदेशामुळे नव्हे. म्हणजे कचेरीच्या भाषेत बोलायचे तर, या यंत्राला आवक बारनिशी वाचता येते, जावक बारनिशी नाही. कोणकोणत्या खात्यांचे अर्ज या कचेरीत दाखल झाले ते कळते, पण त्यांवर निकाल काय झाला हे कळत नाही. म्हणून ‘लहान मेंदू अमुक काम करतो’ असे विधान चित्रावरून करणे हे धाडसाचेच होय. ‘अमुक कामाची वर्दी लहान मेंदूस दिली जाते’ एवढेच सुरक्षित. निकाल जाणून घ्यायचा तर ज्याची कचेरीच बंद पडली त्या माणसाकडे, म्हणजे रुग्णाकडेच, जावे लागते.

रुग्णाकडे जाण्याचे महत्त्व दुसऱ्या एका प्रसंगाने अधिक ठसते. २०१४ मध्ये चीनमधील शांदोंग प्रांतातल्या एका चोवीस वर्षांच्या विवाहित स्त्रीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. चक्कर व मळमळ यांची तक्रार घेऊन ती इस्पितळात आली. चित्रण केले तर लहान मेंदूच्या जागी केवळ द्रव! तिला लहान मेंदू जन्मतःच नव्हता. ती चालत होती, बोलत होती, संसार करीत होती. परंतु तिचे बोलणे इतरांना उमगू लागले ते सहाव्या वर्षी आणि आधाराविना ती चालू लागली सातव्या वर्षी, आणि चालीतील अस्थिरता तिची आयुष्यभराची सोबतीण होती. नुसते चित्र पाहणाऱ्याने ही बाई अंथरुणाला खिळलेली असणार असे सांगितले असते. नुसती बाई पाहणाऱ्याने ‘चाल थोडी अडखळती आहे’ एवढेच. उलट प्रकारही घडतो. अचानक सुरू होऊन तासन्‌तास न थांबणाऱ्या चकरेचे कारण कानात आहे की लहान मेंदूच्या पक्षाघातात, हा तातडीच्या विभागातील नित्याचा पेच. २००९ मध्ये काटा, न्यूमन-टोकर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, डोळ्यांच्या हालचालींची तीन पायऱ्यांची, मिनिटा-दोन मिनिटांत होणारी तपासणी जाणत्या हाताने केली तर ती या कामी पहिल्या ४८ तासांतील एमआरआयहून अधिक भरवशाची ठरते. त्या काळात काढलेल्या एमआरआयने पक्षाघात असूनही सुमारे १२ टक्के रुग्णांना निर्दोष ठरवले होते. वाडियांची डोळ्यांवरची नजर जुनी झाली नाही, ती अशी.

हे सारे आपल्या मुलखाशी कसे संबंधित आहे, असे कोणी विचारील. लहान मेंदूच्या रुग्णास आपल्याकडे जे पहिले निदान मिळते ते बहुधा रस्त्यावरचे : ‘प्यायलाय’. पाय फाकून टाकलेली पावले, जड जीभ, चुकणारा हात. बसवाहकापासून पोलीस शिपायापर्यंत सगळ्यांचा निवाडा एकच. दारूने लहान मेंदूचा मधला भाग खरोखरच झिजतो, त्यामुळे हा निवाडा कधीकधी खरा ठरतो हीही एक क्रूर थट्टा आहे. अपस्मारावरील स्वस्त व म्हणूनच घरोघर पोचलेले फेनिटॉइन हे औषध वर्षानुवर्षे मोठ्या मात्रेत घेतल्यास लहान मेंदू आकसतो, हे वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लहान मुलांत कवटीच्या मागील पोकळीतील मेड्युलोब्लास्टोमा हा कर्करोग काढल्यावर सुमारे चौथा हिस्सा मुले काही काळ बोलेनाशी होतात, आणि बोलू लागल्यावरही शाळेत मागे पडतात. गाठ निघाली, मूल वाचले, या आनंदात ते मागे पडणे कोणाच्या लक्षातच येत नाही.

आणि आपल्या चंद्रपूर-नागपूरचा उन्हाळा! पर्किंजे पेशी उष्णतेला विलक्षण नाजूक आहेत. मालामुड, हेमेकर व कस्टर यांनी १९४६ मध्ये उष्माघाताने दगावलेल्या १२५ अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत दिला, त्यात याच पेशींचा संहार ठळकपणे नोंदलेला आहे. उष्माघातातून वाचलेल्या माणसाचा ताप उतरतो, शुद्ध येते, नाव गाव नीट सांगतो. त्या दिवशी काढलेला एमआरआय पुष्कळदा निर्दोष असतो आणि माणूस घरी जातो. लहान मेंदूचा संकोच चित्रात दिसू लागतो तो आठवड्यांनी, महिन्यांनी, जेव्हा त्याचे नाव इस्पितळाच्या दप्तरातून केव्हाच खारीज झालेले असते. विदर्भात दर वर्षी उष्माघाताच्या रुग्णांची व मृत्यूंची गणती होते. वाचलेल्यांपैकी किती जण आज बांधावरून तोल सांभाळत चालतात, मजुरीचा हिशोब पूर्वीसारखा करू शकतात, आणि घरच्यांवर विनाकारण भडकतात, हे त्या गणतीच्या रकान्यांत बसत नाही. उन्हात राबणारा माणूस हाच उष्माघाताचा बळी असल्यामुळे या रुग्णास पुन्हा कामावर उभे राहता येते की नाही, हा शास्त्राइतकाच भाकरीचा प्रश्न आहे.

सरकारी इस्पितळात एमआरआयची तारीख मिळवताना माणूस टेकीस येतो, तेथे संशोधनाचे डोहाळे कशाला, असा सवाल यावर होईल. त्यास उत्तर असे की, मी नवी यंत्रे मागत नाही. रुग्णाचे डोके यंत्रात गेले की लहान मेंदूही त्याच्याबरोबर जातोच; वैद्यकीय तपासणीच्या चित्रात तो येतोही, फक्त तो वाचला जात नाही, मोजला तर मुळीच जात नाही. मागणी आहे ती प्रश्नाची. श्माहमान यांच्या गटाने २०१८ मध्ये रुग्णाच्या खाटेशेजारी दहाएक मिनिटांत घेता येईल अशी एक छोटी परीक्षा प्रसिद्ध केली आहे. ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगणे, अंक उलटे म्हणणे, घन काढणे, दोन वस्तूंतील साम्य ओळखणे अशा दहा बाबी तीत आहेत. ती जशीच्या तशी आणून चालणार नाही. ज्या शेतमजुराने कधी घनाची आकृती पाहिली नाही त्याला घन काढता न येण्यात लहान मेंदूचा दोष नाही, आणि शब्दांच्या परीक्षेस कोणते अक्षर द्यायचे हे मराठीतील बोलीभाषा ऐकूनच ठरवावे लागेल. निरोगी वऱ्हाडी, मराठवाडी, कोकणी माणसे या परीक्षेत किती गुण मिळवतात हे आधी ठाऊक असले पाहिजे, म्हणजे आजारी माणसाचे उणेपण मोजता येईल. हे काम विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग आणि वैद्यकीय महाविद्यालये मिळून करू शकतील, आणि त्यास चुंबक लागत नाही.

यंत्र हवे ते उष्माघाताच्या रुग्णासाठी, तेही दोनदा : एकदा भरतीच्या वेळी शक्य असल्यास, आणि एकदा तीन महिन्यांनी. दुसऱ्या खेपेस त्याला बोलावून घेण्याची जबाबदारी भरती करणाऱ्या इस्पितळावरच टाकली पाहिजे, कारण गावी गेलेला मजूर ‘डोके जड वाटते’ म्हणून आपण होऊन जिल्ह्याच्या गावी येणार नाही. आला तर त्याला जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतील. आशा सेविका त्याच्या दारात जातच असते. चालून दाखव, बोट नाकाला लाव, मिनिटभर जनावरांची नावे सांग, एवढे तीन प्रश्न तिच्या वहीत घातले तर कोणाला चित्रणासाठी पाठवायचे हे तिलाही ठरवता येईल. उष्माघाताच्या नोंदीचा तक्ता दर वर्षी उन्हाळ्यापूर्वी नव्याने छापला जातोच. त्यात ‘तीन महिन्यांनंतरची स्थिती’ असा एक रकाना वाढवायला आरोग्य खात्यास एका परिपत्रकापलीकडे काही खर्च नाही.